उघडा आता दार

"काकू, तुमच्या आठवणपेटीत कीड शिरलीय. दहा मिनिटांत सगळं पुसलं जाईल!" फोनवरचा माणूस म्हणाला.

कुमुदिनीबाईंचा हात कानामागे गेला. विसरण्याचं दुखणं जडल्यावर डॉक्टरांनी तिथे शेंगदाण्याएवढी पेटी बसवली होती. दिवंगत यजमान, लेक मृदुला, सगळा संसार आता तिच्यातच होता.

"परवलीचे शब्द मला सांगू नका हं," त्याने दटावलं. "कुणालाच सांगायचे नसतात. फोन बाजूला ठेवा आणि पेटीला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणा. लवकर!"

किती सज्जन माणूस! त्यांनी फोन टेबलावर ठेवला. परवलीचे शब्द म्हणजे त्या नवी नवरी असताना नणंदेने दार अडवलं, तेव्हा घेतलेला उखाणा. घाईघाईत, तरी लाजतच त्यांनी तो म्हटला.

"भरल्या घागरीला हवा हाताचा आधार, श्रीनिवासरावांचं नाव घेते, उघडा आता दार."

पलीकडून फोन बंद झाला.

तासाभराने एक बाई धापा टाकत घरात शिरली. तिच्या मोबाइलवर पेटी रिकामी झाल्याचा इशारा लुकलुकत होता.

"आई! परवलीचे शब्द कुणाला सांगितलेस?"

"छे हो! सांगू नका, असं त्यांनीच बजावलं. मी आपला उखाणा म्हटला. भरल्या घागरीला हवा हाताचा आधार..." त्या अडखळल्या. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवरून त्यांची नजर तशीच पुढे सरकली. "शेवट येतो मला. नाव घेते, उघडा आता दार. मधे कुणाचं तरी नाव होतं. तुम्हाला ठाऊक आहे का हो?"