हिच्या पायाची उंची

"हिला डोंगरावर न्यायचं तर आधी चांगली हातभर उंच करू," मेकॅनिक जुन्या पिकअपखालून म्हणाला. "मोठी चाकं, स्प्रिंगचे नवे पाटे. मग कुठेही घाला."

काका मनाने केव्हाच डोंगरमाथ्यावर पोचले होते. मागच्या हौद्यात गादी पसरलेली, वर उघडं आभाळ, शेजारी काकू.

काकू मात्र गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या. "अहो, आत्ताच चढताना गुडघे बोंब मारतात. तुम्ही जाऊन या. आल्यावर सगळं सांगा, म्हणजे मी पाहिल्यासारखंच."

काका गाडीच्या दाराशी आले. मग खाली वाकून हळूच म्हणाले, "उंची नको वाढवूस. उलट दाराखाली एक पायरी बसव. हिचा पाय सहज पोचेल इतकी खाली."

"काय काका! एवढी खाली पायरी पहिल्याच ओढ्यात दगडाला अडकेल. डोंगर राहील बाजूलाच."

"राहू दे," काका म्हणाले. "आम्ही दोघं ओढ्याच्या अलीकडेच मुक्काम करू."