घंटेपर्यंतचा झोका

झोक्यांच्या स्पर्धेतल्या पंचबाईंच्या हातातली पांढरी पट्टी वाऱ्यावर हलत होती. बाकी काहीच हलत नव्हते. चोंगसिम झोक्याच्या फळीवर उभी होती. तिचे उजवे मनगट दोराला बांधून झाले होते. डावा हात तिने छातीशी धरला होता आणि तो ती पुढे करीत नव्हती. दानोच्या, उन्हाळ्याच्या तोंडावरच्या झोक्यांच्या सणाला नदीच्या वाळूत जमलेली माणसे कुजबुजत होती.

"डावा हात, ताई," पंचबाई दुसऱ्यांदा म्हणाल्या.

"या हाताला पट्टी आवळायची नाही. स्तनाचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठी काढल्यात. काही रुतलं की हात सुजतो."

"मग खाली उतरा. दोन्ही मनगटं बांधल्याशिवाय मला झोका सोडता येत नाही. वर हात सुटला तर?"

मागून एक म्हातारा ओरडला, "काय बाई, वरच झोपलात की काय? संध्याकाळ करणार वाटतं!"

हशा पिकला. त्या हशातून वाट काढत चोंगसिमची थोरली नणंद पुढे आल्या. सणाच्या हिरव्या वड्यांच्या डब्यांची पिशवी त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती.

"ऐकलंस ना? उतर आता. घरात साधी केटली उचलत नाहीस, आणि इथे आभाळाला हात लावायला निघालीस!"

"केटली तुम्ही उचलू देत नाही, वन्सं."

"मग? डॉक्टरांनी जप म्हणून सांगितलंय."

"ते पहिले दोन महिने. नंतर त्यांनीच व्यायाम सांगितला. तुम्ही तेवढंच ऐकायचं विसरलात."

चोंगसिमने वर पाहिले. समोर, दोन उंच खांबांच्याही पलीकडे, एका दोरीला झोक्यावरून पायाने वाजवायची पितळी घंटा टांगली होती. गेल्या वर्षी याच दिवसांत व्यायाम करताना तिच्या डाव्या हाताची बोटे भिंतीवरून मुंगीसारखी चढत आणि खांद्याच्या उंचीवर येऊन थांबत. त्या थांब्यांच्या पेन्सिलीच्या खुणा अजून न्हाणीघराच्या भिंतीवर होत्या. शेवटची खूण पार ठेंगण्या छतापाशी गेली होती. त्यापुढे भिंतच संपली होती.

तिने मोकळा डावा हात पिवळ्या पोलक्याच्या आत घातला. काय होणार ते सगळ्यांआधी वन्संनाच कळले. हात बाहेर आला तेव्हा मुठीत एक छोटी सुती उशी होती, कापसाने भरलेली, एका बाजूला फुगीर. ती वन्संनीच शिवली होती, रात्री जागून, बारीक टाके घालून, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

पोलक्याची डावी बाजू सपाट झाली. म्हातारा हसायचा थांबला.

"ही मनगटावर ठेवा," चोंगसिम म्हणाली, "आणि पट्टी वरून बांधा. चांगली घट्ट. आता रुतणार नाही."

पंचबाईंनी उशी हातात घेतली, दाबून पाहिली. ती अजून उबदार होती. त्यांनी ती मनगटावर पसरली, वर पट्टीचे तीन वेढे दिले, दोराला गाठ मारली आणि उशीखालून एक बोट फिरवून पाहिले. मग त्या बाजूला झाल्या.

पहिला झोका वाळूलगत गेला. दुसऱ्याला तिने गुडघे वाकवले, फळी रेटली. तिसऱ्याला काखेतली टाक्यांची रेघ ताणली गेली; दुखले, पण ते दुखणे तिच्या ओळखीचे होते. रोज सकाळी ती त्याला भेटत आली होती आणि दर वेळी ते एक पाऊल मागे सरत गेले होते. चौथ्या झोक्याला नदी खाली राहिली. सणाच्या रिवाजाप्रमाणे वेखंडाच्या पाण्याने धुतलेले, औषधांनी गळून पुन्हा चार बोटे वाढलेले तिचे केस वाऱ्यात ताठ उभे राहिले. घंटा वीतभर दूर होती. पाचव्याला बोटभर.

सहाव्याला तिने दोन्ही हातांनी, अगदी दोन्ही हातांनी, दोर स्वतःकडे ओढले आणि पाय पुढे टाकले.

घंटा वाजली. खाली कुणीतरी शीळ घातली. सातव्याला ती पुन्हा वाजली, आठव्यालाही.

झोका मंदावला तशी पंचबाईंनी फळी धरली आणि उजवा हात सोडवला. डाव्या पट्टीला त्यांचा हात लागताच चोंगसिम म्हणाली, "दोराची गाठ सोडा. पट्टी राहू द्या. दुसरी फेरी आहे ना?"

"आहे. रांगेत उभ्या राहा."

वन्सं धापा टाकत जवळ आल्या. त्यांनी पिशवी तिच्या छातीसमोर पडद्यासारखी धरली.

"सगळा गाव बघतोय गं," त्या पुटपुटल्या. "आधी ती उशी आत घाल. घालशील ना?"

चोंगसिमने पिशवी हलकेच बाजूला सारली आणि ती रांगेकडे चालू लागली. उशी मनगटावरच होती. नदीवरून आलेला वारा पिवळे पोलके तिच्या सपाट बाजूला चिकटवत होता, आणि वर घंटा अजून थरथरत होती.