समोरचा कोन

एकाहत्तर साली पारनेरकडच्या आमच्या हायस्कुलात डावखरसर भूमिती शिकवायला घरातल्या वस्तू मागवायचे. त्या दिवशी नववीतल्या लंकानं बसायचा पाट आणला होता. सर पाटाच्या कोपऱ्यांवर बोट ठेवून कोन समजावत होते, लंकाची मात्र नुसती चुळबूळ चालली होती. खिडकीबाहेर तिचे वडील एका फेटेवाल्या माणसाला घेऊन उभे होते आणि दोघंही तिच्याकडेच बघत होते.

सर वैतागले. एका कोपऱ्यावर छडी आपटून म्हणाले, “हा कोन नव्वद अंशांचा. लंका, तू सांग, समोरचा कोन?”

 

लंका उठली. “हुनारा सासरा, सर. पाट द्या, मला त्याच्यावरच बसवून बघनार हायेत.”