झापण्यापुरतं इंग्रजी

"आय विल गिव्ह यू अ पीस ऑफ माय माइंड!" गुरुदत्त कडाडला.

"पीस मोजूनच दिलेत की साहेब," जयमाला म्हणाली. "एकबी कमी न्हाई."

लाइनवर खसखस पिकली. गुरुदत्तला त्याचं काही वाटलं नाही. चाकणच्या या कंपनीत शिफ्ट इन्चार्ज झाल्यापासून आकुर्डीच्या क्लासला जाऊन त्यानं झापायचं इंग्रजी तेवढं मन लावून शिकून घेतलं होतं. मराठीत झापलं की माणसं उलट उत्तरं देत. इंग्रजीत झापलं की फार तर हसत, आणि आपण साहेब झालोय याची त्याला रोज नव्यानं खात्री पटे.

पण आज जयमालानं मशीन बंदच ठेवलं होतं. काम भराभर उरकावं म्हणून पत्रा दाबणाऱ्या प्रेसपुढची संरक्षक जाळी वरून आलेल्या हुकमानं काढलेली. सकाळी तिथंच लाइनवरच्या गणराजचा हातमोजा अडकला. बोटं थोडक्यात वाचली.

"जाळी बसवा साहेब, मग हात घालते," ती म्हणाली आणि तो चिरडलेला हातमोजा तिनं त्याच्यापुढं धरला.

गुरुदत्तनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. पहिल्यांदाच त्याला खराखुरा राग आला, आणि तोही वरच्यांचा. तो तडक प्लांट हेड अरुंधती मॅडमच्या केबिनमध्ये शिरला.

क्लासात शिकलेलं सगळं त्यानं तिथं रिकामं केलं. "आय ॲम पुटिंग माय फूट डाउन, मॅडम! हेड्स विल रोल!" त्यानं खरोखरच पाय आपटला. कान तापले, आवाज चढला, पण एक वाक्य अडखळलं नाही.

मॅडमनी मान कलती करून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"गुरुदत्त, केवढं सुधारलंय हो तुमचं इंग्रजी! उद्या जर्मन कस्टमर येतायत. प्लांट तुम्हीच दाखवा."

"आणि... जाळी, मॅडम?"

"बसवू ना. ते असेपर्यंत."

गुरुदत्तनं शर्ट नीट केला. "थँक यू, मॅडम," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

खाली सगळे वाट बघत होते.

"काय झालं, साहेब?" जयमालानं विचारलं.

"असं झापलंय म्हणता! उद्या जाळी बसतेय. आजच्यापुरतं घ्या सांभाळून."

"बघा, तुमचं इंग्रजी आमच्या कामी आलं," जयमाला कौतुकानं म्हणाली, आणि हातमोजे चढवून तिनं उघड्या प्रेसमध्ये हात घातला.