हरेशचा आवाज

टॅबवर चोवीस चौकोन होते. आठ खाण्यापिण्याचे, सहा दुखण्याखुपण्याचे, सहा घरच्या माणसांचे फोटो आणि उरलेले चार ‘हो’, ‘नाही’, ‘बास’, ‘धन्यवाद’. काळूरामने डाव्या हाताच्या बोटाने ‘नाही’ दाबलं. टॅबमधून एक शिकलेली बाई स्वच्छ बोलली, “नाही.” काळूरामने स्पीकरवर तळवा ठेवून तिचं तोंड बंद केलं.

“बरोबर हाय त्याचं,” त्याची आई म्हणाली. “ही कोन बाय? आमी ‘नाय’ बोलतो.”

पनवेलच्या केंद्रातली स्पीच थेरपिस्ट आभा हसली. “मग घरच्याच कुणाच्या तरी आवाजात एकेक शब्द रेकॉर्ड करू. कुणाचा हवा, काळूराम?”

काळूरामचं बोट सहा फोटोंवरून फिरलं आणि हरेशवर, त्याच्या चुलतभावावर, थांबलं.

“बघा मॅडम,” शेजारी उभा असलेला हरेश म्हणाला, “दादाला माझ्याबिगर करमत नाय.”

काळूरामला सगळं समजत होतं. डोक्याला मार लागल्यापासून तो चाकाच्या खुर्चीत होता, जीभ वळत नव्हती आणि अक्षरं जुळत नव्हती, एवढंच. कर्नाळ्याच्या वळणावर मोटरसायकल घसरली तेव्हा तिच्यावर तिघे होते. पुढे हरेश, मध्ये बाळू, मागे काळूराम. बाळू जागीच गेला. हरेशने पोलिसांना आणि गावाला सांगितलं, गाडी बाळू चालवत होता, पिऊन चालवत होता. तेव्हापासून बाळूच्या आईला, कमळाबाईला, गावात कुणी हळदीला बोलावलं नाही. काळूरामची आई तर तिच्या दारावरून जाताना थुंकायची. “हिच्या पोरानं माझं पोर मुकं केलं.”

एकदा काळूरामने सगळ्यांसमोर हरेशकडे बोट दाखवलं होतं आणि असेल नसेल तो जोर लावून घशातून आवाज काढला होता. “मला जवळ बोलावतोय,” असं म्हणत हरेशने त्याला घट्ट मिठी मारली. सगळ्यांचे डोळे भरून आले. मिठीत हरेश त्याच्या कानाशी म्हणाला, “बोल ना दादा. बोल.” त्याने लावलेल्या अत्तराचा वास काळूरामच्या नाकातून अजून गेला नव्हता.

रेकॉर्डिंगला हरेश इस्त्रीचा शर्ट घालून आला. आभा शब्द वाचायची, हरेश बोलायचा, काळूराम ऐकायचा. पाणी. भाकरी. मासळी. मी. हाय. नाय. केंद्रात यायला रिक्षा करावी लागे, म्हणून ‘गाडी’. काळूरामने चाकावर हात आपटला, म्हणून ‘खुर्ची’. ज्या दिवशी त्याने चाकाची खुर्ची दारापासून टेबलापर्यंत एकट्याने आणली, त्या दिवशी आभाने आणखी एक शब्द घेतला, ‘चालवली’.

“खुर्ची, मी, चालवली,” ती म्हणाली. “आता शब्दाला शब्द जोडायचा, काळूराम.”

काळूरामने जोडला नाही. तो एका वेळी एकच शब्द दाबायचा आणि हात मांडीवर ठेवायचा. जोडणं त्याला जमत नाही, असं आभाला वाटत राहिलं.

माणसांच्या पानावर त्याला आणखी एक फोटो हवा होता. आईच्या मोबाइलमध्ये तो सापडला. चिरनेरला काढलेला, तिघांचा. काळूरामने मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

“मेलेल्याचं नाव कशाला?” हरेश म्हणाला.

“त्याला पायजे तर बोल,” आई म्हणाली. “तुझं काय जातंय?”

बाकीचे सगळे शब्द हरेशने पहिल्याच दमात बोलून टाकले होते. ‘बाळू’ चौथ्यांदा नीट आला.

हरेशच्या हळदीचं आमंत्रण आलं, तेव्हा गर्दीत काळूरामला टॅब वापरता येतो का, तेही बघावं म्हणून आभा उलव्याजवळच्या त्यांच्या गावी गेली. मंडप खच्चून भरला होता. बेंजोवाले दम खायला थांबले. हळदीने माखलेल्या हरेशने माईक घेतला, काळूरामच्या खुर्चीपाशी आला आणि माईक टॅबला लावला.

“आता आमचा काळूदादा बोलनार! माझ्याच आवाजात! बोल दादा, पाणी बोल. नायतर मटन बोल!”

मंडप हसला. काळूराम हरेशच्या डोळ्यांत बघत राहिला. मग त्याने बोट उचललं.

“गाडी,” हरेशचा आवाज भोंग्यांतून म्हणाला.

“नवरदेवाची गाडी सजवा रे!” कुणीतरी ओरडलं.

“मी. चालवली.”

हरेशचा हात माईकवर तसाच राहिला.

“बाळू. नाय.”

मागच्या लोकांना टॅब दिसत नव्हता. त्यांना नवरदेव बोलताना ऐकू आला, एवढंच.

“हे मशीन बोलतंय, मी नाय,” हरेश माईकमध्ये म्हणाला. आवाज तोच होता.

काळूरामने तेच पाच चौकोन पुन्हा दाबले. या वेळी त्याने कुठेही थांबा घेतला नाही. “गाडी मी चालवली बाळू नाय.” मंडपाचा एक भोंगा कमळाबाईच्या घराकडे तोंड करून लावलेला होता. त्या घराची कडी निघाली. काळूरामची आई उठली आणि हरेशकडे न बघता त्या दाराच्या दिशेने चालू लागली.

दुसऱ्या दिवशी आभाने केंद्रात नोंद केली. वाक्याची लांबी : आधी एक शब्द, आता पाच. मदत : लागली नाही. गर्दीत, घराबाहेरच्या श्रोत्यांना समजलेले शब्द : पाचपैकी पाच.