दोन कॉलेजांची चौकशी

खट्ट. मनकर्णाबाईंच्या अडकित्त्यात सुपारी फुटली आणि दुपारपासून घरात साचलेली शांतता मोडली.

"शुक्रवारपर्यंत कळवायचंय ना त्यांना?" त्या सुनेला म्हणाल्या. "मग मुकाट बसून काय हुईल?"

सरितासमोर एमबीएच्या प्रवेशाची दोन पत्रं पडली होती. एक कॉलेज इथलंच, घरापासून स्कुटीवर वीस मिनिटं. दुसरं पुण्याचं, नावाजलेलं, पण दोन वर्षं होस्टेलवर राहायचं. बी.कॉम. होऊन आठ वर्षं झाल्यावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत तिनं सीईटीचा अभ्यास केला होता. निकाल बघून नवरा, राजकुमार, नुसता "बरं झालं" म्हणाला. हरखल्या त्या सासूबाई. चौथी शिकलेल्या मनकर्णाबाईंनी गावातच छावणी भागात राहणाऱ्या धाकट्या लेकाला, शिवराजला, फोन करून पेढे आणायला लावले.

आता निवडीचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं. सोयरीक जुळवताना आपण पाहुण्यांना विचारत नाही, पाहुण्यांच्या शेजाऱ्यांना विचारतो. कॉलेजाचंबी तसंच करायचं, म्हणाल्या.

आणि खरंच निघाल्या. इथल्या कॉलेजात सरिता ऑफिसात माहितीपुस्तक चाळत होती, तोवर बाई वॉचमनशी, टपरीवाल्याशी, झेरॉक्सवाल्याशी बोलून आल्या. मास्तर वेळेवर येतात का, कंपन्या नोकऱ्या द्यायला येतात की फोटो काढायला, गेल्या सालची पोरं कुठं लागली. एकजण बिडकीनच्या नव्या कंपनीत लागला होता. त्याचा नंबरसुद्धा चिठ्ठीवर लिहून पदराला बांधून आणला. सरिता बघतच राहिली. एवढं तर तिला स्वतःला सुचलं नसतं.

दोन दिवसांनी पुणं. तिथं त्यांनी होस्टेलच्या मेसमधल्या बाईला गाठलं. सुट्ट्या किती, रविवारी घरी सोडतात का, लेकरू आलं तर आईजवळ राहू देतात का. नाही देत, ती बाई म्हणाली. इथल्या पोरींना घर दिसतं ते दिवाळीला. सरितानं हातातलं माहितीपुस्तक मिटून पिशवीत टाकलं. मनकर्णाबाईंनी मात्र समाधानानं मान हलवली.

परतीच्या बसमध्ये म्हणाल्या, "शिस्त हाय. हेच घे."

"आणि प्रेरणा, आत्याबाई?" सरितानं सासूबाईंना विचारलं.

"तनुजा हाय की."

तनुजा म्हणजे शिवराजची बायको. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले; आता तो विषय घरात कुणी काढत नसे. सरिताच्या अभ्यासाच्या दिवसांत तिची पाच वर्षांची लेक प्रेरणा छावणीत काकूकडंच असायची. तनुजा गुलमंडीच्या बाजारातून कापड आणून तिला फ्रॉक शिवायची. जूनपासून शाळाही छावणीतलीच धरली होती, पोरीची ने-आण नको म्हणून. शाळेचा फॉर्म भरायला शिवराज-तनुजाच गेले. नेमकी त्याच दिवशी सरिताची मुलाखत होती. या जावेचे उपकार कसे फेडावेत, तिला कळत नव्हतं.

तरी गुरुवारी तिचा धीर सुटला. इथलंच कॉलेज घेते, संध्याकाळी पोरगी तरी दिसेल, असं तिनं सांगून टाकलं.

मनकर्णाबाई रागावल्या नाहीत. तिला जवळ बसवून घेतलं.

"अर्धा जीव वह्यात अन् अर्धा लेकरात ठेवून शिकणं होत नाय, सरिता. मला शाळंतनं काढलं तवा माझ्यासाठी कुणी भांडलं नाय. तुझं मी तसं होऊ देणार नाय."

 मैत्रिणींच्या सासवा नोकरीवरून उशीर झाला तरी तोंड फिरवायच्या. आणि ही बाई, सत्तावन्न वर्षांची, गुडघे दुखत असताना सुनेसाठी दोन गावं पालथी घालून आली होती.

राजकुमार शिफ्टवरून आला तेव्हा तिनं त्यालाही विचारलं. "आई म्हणती तसं कर," तो बुटाची नाडी सोडत म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही. त्याच्याही डोळ्यांत पाणी असेल, असं तिला वाटलं.

शुक्रवारी तिनं पुण्याचा प्रवेश पक्का केला आणि इथला सोडला.

निघायच्या दिवशी छावणीची मंडळी आली. मनकर्णाबाईंनी तांदूळ-नारळानं ओटी भरली, आधी तनुजाची, मग सरिताची. तनुजा वाकली ती सरिताचे पाय सोडेचना. हुंदके देत राहिली.

"अगं, मी काय जन्माची चाललेय का?" सरिता हसून म्हणाली.

बाकी कुणी हसलं नाही.

ती आत जाऊन बॅगेची चेन लावू लागली. प्रेरणा मागोमाग आली आणि बॅगेवर चढून बसली. पाय हलवत, शाळेतलं पाठ म्हणून दाखवावं तसं तिनं विचारलं,

"आई, आजी म्हणाली, आता तनुजाकाकूला आई म्हणायचं. मग तू पुण्याहून आलीस की तुला काकू म्हणू?"