मायेचं बोट

आठ गोठ्यांतून आणलेली आठ वासरं ट्रकमधून उतरली. "दर गोठ्याचे विषाणू वेगळे. तीन आठवडे एकमेकांना नाकही लावू देऊ नका, काका," असं गुरांची डॉक्टर असलेल्या पुतणीने बजावलं होतं. काकांनी काटेकोरपणे आठ कप्पे केले, मध्ये फळ्या ठोकल्या, बादल्याही आठ आणल्या.

सहाव्या दिवशी सात वासरं खोकू लागली. पुतणीने फळ्या तपासल्या. कुठे फटसुद्धा नव्हती.

"आठवं कसं ठणठणीत?"

"ते द्वाड! जवळ गेलं की ढुशी मारतं. शेवटी बादली ठेवून लांब झालो, तर आपलं आपण प्यायलं."

"आणि ही सात?"

"गुणी लेकरं! एकेकाला बोट चोखायला दिलं, तसंच हळूच दुधात बुडवलं, की लागली प्यायला."

"मध्ये हात धुतलात?"

काकांनी ते बोट हळूच पाठीमागे लपवलं.

"लवकर कळलंय, सगळी बरी होतील," पुतणीने इंजेक्शन भरलं. काका साबण शोधायला निघाले, आणि जाता जाता त्या द्वाडाला त्यांनी लांबूनच हात जोडले.